बाकी कोणाची?

माणसाच्या हयातीत अपूर्णांकाशी त्याची गाठ दोनदा पडते : एकदा इयत्ता पाचवीत, आणि दुसऱ्यांदा वडिलोपार्जित सदनिकेचा पुनर्विकास निघतो तेव्हा. या दोन प्रसंगांच्या दरम्यान जी चाळीस-पन्नास वर्षे निघून जातात, तेवढ्या काळात अंश वर आणि छेद खाली एवढे ज्ञानदेखील बहुतेकांच्या स्मरणातून गळालेले असते. आणि त्यामुळेच विलेपार्ले पूर्वेस, हनुमान रोड, नेहरू रोड, सुभाष रोड या परिसरात, जेथे जुन्या तीन मजली इमारतींवर एकामागून एक हिरवी जाळी चढत आहे, तेथे सोसायट्यांच्या सभांत रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत जे खल चालतात, ते वरवर पाहता कार्पेटचे, पार्किंगचे किंवा लिफ्टच्या संख्येचे वाटले, तरी त्यांच्या मुळाशी इयत्ता पाचवीत अर्धवट राहिलेला एक भागाकार असतो. विमानतळ शेजारी असल्यामुळे पार्ल्यातील इमारतीस उंचीची मर्यादा आहे. वाद मात्र त्या मर्यादेत येत नाहीत.

आमच्या सोसायटीचे मानद खजिनदारपद मजकडे आले, ते अन्य कोणीही ते घेण्यास राजी नव्हते या एकमेव पात्रतेवर. त्या नात्याने सभासदांचे भागदाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रे, हक्कसोडपत्रे आणि मुखत्यारपत्रे यांची बाडे माझ्या नजरेखालून जातात, आणि त्यांतील दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचे बाड मला विशेष प्रिय आहे. त्या घरातील कर्ते गृहस्थ रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. सरकारच्या जमाखर्चातील पै न पै त्यांनी जन्मभर जुळविली, परंतु स्वतःचे मृत्युपत्र करण्याचे मात्र अखेरपर्यंत टाळले. मागे पत्नी, तीन मुलगे आणि तीन मुली. हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे आणि मुली यांस सारखाच वाटा दिलेला असल्यामुळे वकिलांनी कागद केला, आणि त्यात प्रत्येक वारसाच्या नावापुढे 'एक सप्तमांश अविभक्त हिस्सा' असे वळणदार अक्षरात लिहिले. हा कागद पुष्कळ वर्षे कपाटात निर्वेध पडून होता. एक सप्तमांशात भांडण्यासारखे काही नसतेच. वरचा एक ठरलेला, खालचे सात ठरलेले, आणि मधली आडवी रेघ कोणाच्याच बाजूची नसते.

विकासकाच्या कार्यालयातून कोष्टक आले आणि ही शांतता भंग पावली. कोष्टकात 'हिस्सा (टक्के, दोन दशांश स्थळांपर्यंत)' असा एक रकाना होता, आणि तो भरण्यासाठी आलेला तरुण लेखनिक अत्यंत नम्र असूनही त्या रकान्याबाबत मात्र कोणाचे काही ऐकून घेण्यास तयार नव्हता. "काका, एक सप्तमांश संगणक घेत नाही; टक्के सांगा," असे म्हणून त्याने स्वतःच प्रत्येकाच्या नावापुढे १४.२९ घातले. सातांची बेरीज १००.०३ आली. इमारत अद्याप पाडलीही नव्हती, तोच दुसऱ्या मजल्यावरची सदनिका तीन शतांश टक्क्यांनी वाढली हे पाहून मला कौतुक वाटले, परंतु संगणकाने शंभरावरचा हिस्सा साफ नामंजूर केला. मग लेखनिकाने सर्वांचे १४.२८ केले, तेव्हा बेरीज ९९.९६ झाली, आणि शंभराच्या आतला हिस्साही संगणकास चालेना. अखेर त्या तरुणाने, व्यवहारज्ञ माणसे जे करतात तेच केले : उरलेले चार शतांश त्याने थोरल्या बंधूंच्या नावावर टाकून त्यांचे १४.३२ केले, बेरीज बरोबर शंभर आणली, आणि तो चहा घेऊन निघून गेला.

चार शतांश टक्के म्हणजे किती, असा प्रश्न त्या घरात त्यापूर्वी कोणी विचारला नव्हता. सदनिका सातशे चौरस फुटांची. तिचे चार शतांश टक्के म्हणजे ०.२८ चौरस फूट. सुमारे साडेसहा इंच लांब आणि सव्वासहा इंच रुंद एवढी जमीन, जीवर तुळशीची कुंडीही धड बसणार नाही. परंतु चौरस फुटास पन्नास हजारांचा भाव धरला, तर याच तुकड्याचे चौदा हजार रुपये होतात, आणि चौदा हजार म्हटले की कुंडीचा विषय मागे पडतो. "दादांना जास्त का?" हा प्रश्न प्रथम धाकट्या वहिनींनी विचारला, तोही थेट नव्हे, तर त्यांच्या यजमानांच्या तोंडून. दादांचे म्हणणे असे की, आपण मागितले नाही, संगणकाने दिले. आणि जे मागितले नाही ते परत करण्याची आपल्यात रीत नाही. येथे खजिनदार या नात्याने मला हिशेबाची एक बाजू नमूद करणे भाग पडले : दादांस चौदा हजार जास्त मिळाले हा आरोप अतिशयोक्त होता, कारण त्या चौदांतले दोन हजार त्यांचे स्वतःचेच होते, इतर सहा वारसांचे प्रत्येकी दोन हजार मिळून जे बारा हजार होतात, तेवढीच काय ती अफरातफर. या खुलाशाने वातावरण निवळेल अशी माझी अपेक्षा होती. झाले असे की, तोपर्यंत मोघम असलेल्या तक्रारीस प्रत्येकी दोन हजार असा नेमका आकडा मिळाला.

या टप्प्यावर थोरल्या ताईंनी सूत्रे हाती घेतली. ताई निवृत्त शिक्षिका. धाकट्या भावाने भ्रमणध्वनीवरील गणकयंत्र पुढे करून "ताई, हे बघ, ०.१४२८५७१४३, इथे संपलं," असे सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून त्या आकड्याकडे, गृहपाठात उत्तराची नक्कल केलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहिले, आणि टेबलावरच्या एका लग्नपत्रिकेचे पाकीट उलटे करून त्यावर पेन्सिलीने कंस काढला. आत भाज्य एक, बाहेर भाजक सात. ज्या पार्ल्याने १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ काढला, त्या पार्ल्यास बसून ऐकण्याची सवय आहे. त्यामुळे ताईंच्या भागाकारासही सर्व वारस, त्यांची मुले, मी आणि वरच्या मजल्यावरून साखर मागण्यास आलेल्या एक बाई, असा बरा श्रोतृसमुदाय मिळाला.

"एकात सात जात नाही, भागाकारात पूज्य, त्यापुढे दशांशचिन्ह. एकावर शून्य, दहा. सात एके सात, बाकी तीन. तिनावर शून्य, तीस. सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. वीस, सात दुणे चौदा, बाकी सहा. साठ, सात अठ्ठे छप्पन्न, बाकी चार. चाळीस, सात पाचा पस्तीस, बाकी पाच. पन्नास, सात सत्ते एकोणपन्नास, बाकी एक." येथे ताई थांबल्या, पेन्सिलीचे टोक त्या शेवटच्या एकावर ठेवले आणि सर्वांकडे पाहिले. "निघालो कुठून? एकापासून. पोचलो कुठे? एकावरच. आता पुन्हा दहा, पुन्हा सात एके सात. हे पाकीट संपेल, भागाकार संपणार नाही."

सातांनी भागू लागले असता बाकी एक, दोन, तीन, चार, पाच, सहा यांपैकीच उरू शकते. त्या सहाही येऊन गेल्या की सातवी नवी बाकी आणायची कोठून? म्हणून सहा पायऱ्यांनंतर जुनीच बाकी पुन्हा दारात उभी राहते आणि १४२८५७ हे सहा अंक त्याच क्रमाने अखंड फिरत राहतात. यासच आवर्ती दशांश म्हणतात. या सहांत तीन, सहा, नऊ आणि शून्य हे चार अंक कितीही पुढे गेले तरी कधी येत नाहीत. मग गणकयंत्राच्या पडद्यावर शेवटी तीन कोठून आला? ताईंनी हा प्रश्न धाकट्यास विचारला तेव्हा तो निरुत्तर झाला. उत्तर एवढेच की, यंत्रास जागा संपल्यामुळे त्याने पुढचे ८५७ पाहून दोनाचे तीन केले आणि ते कोणास सांगितले नाही. लेखनिकाने दादांच्या बाबतीत जे उघडपणे केले, तेच यंत्राने गुपचूप केले. हाताने केलेल्या भागाकाराची ही थोरवी मला त्या दिवशी पटली की, तेथे बाकी दडवता येत नाही. प्रत्येक पायरीस ती खाली लिहावी लागते, आणि ती कोणाच्या खात्यात टाकायची हे ठरविल्याशिवाय माणसास सुटका नसते.

अशा वेळी जुन्या माणसांस सोळा आण्यांची आठवण येणे स्वाभाविक आहे, आणि मीही त्यांस अपवाद नाही. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांची घोकंपट्टी संध्याकाळी दिवेलागणीस होत असे, आणि साडेतीनची औटकी ज्यास अस्खलित येत असे, त्यास लग्नाच्या बाजारात किंमत नसली तरी वाण्याच्या दुकानात होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. या १९२ चा मोठेपणा असा की, त्यास दोनांनी, तिनांनी, चारांनी, सहांनी, आठांनी, बारांनी आणि सोळांनी निःशेष भाग जातो. तिघा भावांत मालमत्ता वाटायची तर प्रत्येकी पाच आणे चार पै. सहा जणांत वाटायची तर दोन आणे आठ पै. वहिवाटीचे कागद याच भाषेत लिहिले जात, आणि पाच आणे चार पैंची तीनदा बेरीज केली असता चोख सोळा आणे भरत, ९९.९९ नव्हे. सातांचे मात्र सोळा आण्यांतही जमत नसे, हेही सांगितले पाहिजे : प्रत्येकी दोन आणे तीन पै देऊन तीन पै उरत. परंतु तीन पै म्हणजे बरोबर एक पैसा, आणि तो देवापुढे ठेवण्याची सोय होती. विकासकाच्या कोष्टकात देवास रकाना नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि ही व्यवस्था संपुष्टात आली. आण्याचे खरे मोल सव्वासहा नये पैसे. परंतु सव्वा पाडता येत नाही म्हणून सरकारी तक्त्यात आण्याचे सहा ठरले, दोन आण्यांचे साडेबारा नव्हे तर बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. ज्या गृहिणीस चार आण्यांची भाजी घ्यावयाची असे, ती आण्या-आण्याची भाजी चार खेपांत घेऊन चोवीस नये पैशांत घरी येई, आणि भाजीवाला तिला तक्ता दाखवून पंचवीस मागे. दोघांचेही गणित तंतोतंत बरोबर असल्यामुळे वाद मिटत नसे. उलट ज्याच्याजवळ सुटे सोळा आणे होते आणि ज्याने ते एकेक करून मोडले, त्याच्या हाती रुपयाऐवजी शहाण्णव नये पैसे पडले. दशमानाचा मी विरोधक नाही. शेर, छटाक आणि तोळ्यांचा हिशेब ज्याने केला आहे, तो किलोग्रॅमला मनोमन दुवाच देईल. परंतु एक योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. हिंदू वारसा कायदा अमलात आला जून १९५६ मध्ये, आणि नये पैसे आले एप्रिल १९५७ मध्ये. म्हणजे मुली आणि विधवा यांस सारखे वाटे देऊन ज्या सरकारने घराघरांत तृतीयांश, पंचमांश आणि सप्तमांश उत्पन्न केले, त्याच सरकारने वर्ष पुरे होण्याच्या आत तिनांनी भाग जाणारा रुपया चलनातून काढून घेतला. कायदा न्याय्य होता, नाणेपद्धती सोयीची होती. दोहोंची गाठ पार्ल्याच्या सदनिकेत पडेल हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नसावे.

अंशाचे अंश पाडण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त प्रभागजातीचे एक उदाहरण आहे, ज्यात एक कृपण याचकास एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा एक चतुर्थांश एवढे द्रव्य देतो, आणि विद्यार्थ्याने सांगायचे की त्याने नेमके काय दिले. सर्व गुणाकार करून उत्तर येते एक बाराशेऐंशीअंश. आणि द्रम्माच्या सोळा पण, पणाच्या चार काकिणी, काकिणीच्या वीस कवड्या या कोष्टकाने ती बरोबर एक कवडी भरते. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या त्या कृपणाने हिशेब चोख ठेवला होता : दान एक कवडी, तर एक कवडी. हेच दान हाताने भागून दशांशात मांडले तर ०.०००७८१२५ येते, आणि दोन स्थळांपर्यंत मांडले तर ०.००. म्हणजे आमच्या लेखनिकाच्या कोष्टकात त्या याचकाच्या नावापुढे शून्य लागले असते, आणि कवडी हातात असूनही पावती मिळाली नसती. छेदात केवळ दोन आणि पाच यांचेच गुणक असल्यामुळे हा भागाकार निदान संपतो तरी. तीन किंवा सात आड आला की तोही दिलासा नाही.

पश्चिम रेल्वेवरच्या डहाणूस १९०५ साली जन्मलेले आणि नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अशाच न संपणाऱ्या दशांशांत आनंद शोधला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले. तोवर आपल्याकडील पुष्कळ विद्वानांस देवळालीचा हा शिक्षक आकड्यांशी खेळणारा एक छांदिष्ट वाटत होता. ज्यास कापरेकर संख्या म्हणतात, तिचे लक्षण असे की, तिचा वर्ग करावा, त्याचे दोन तुकडे करावे, आणि तुकड्यांची बेरीज करावी, तर मूळ संख्या परत मिळते. ताईंच्या पाकिटावरचे १४२८५७ ही अशीच संख्या आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे तुकडे २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १४२८५७. तुकडे पाडून, बेरीज करून, मूळचे सर्व शाबूत राखण्याचे हे कसब आमच्या इमारतीतील एकाही वारसमंडळास अद्याप साधलेले नाही.

हे सर्व चालू असता त्या घरातील आई, ज्यांचा स्वतःचाही एक सप्तमांश होता, त्या खिडकीजवळ शांतपणे गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. ताईंचे पाकीट भरले, दादांचा आवाज चढला, धाकट्या वहिनी पाणी आणण्यास म्हणून आत गेल्या त्या बाहेर येईनात, तेव्हा आईंनी ताट बाजूस ठेवले. "माझा हिस्सा मी सोडते," त्या म्हणाल्या. "हक्कसोडपत्र करा. तुम्ही सहा जण सारखे वाटून घ्या, पण आता हे बंद करा." सभेत क्षणभर गहिवर पसरला. दादांनी आईंच्या पायांस हात लावला. मी, खजिनदाराच्या कर्तव्यबुद्धीने, मनातल्या मनात शंभरास सहांनी भागले : सहा एके सहा, बाकी चार, चाळीस, सहा सक छत्तीस, बाकी चार, पुन्हा चाळीस, पुन्हा छत्तीस, पुन्हा चार. प्रत्येकी १६.६६. सहांची बेरीज ९९.९६.

तेच चार शतांश, तीच साडेसहा इंच जमीन, तेच चौदा हजार. मातेचा त्याग एकीकडे आणि शंभराची सहांशी असलेली जुनी तेढ दुसरीकडे, यांत गणिताने यत्किंचितही भीड ठेवली नाही. सोळा आणे असते तर प्रत्येकी दोन आणे आठ पै होऊन प्रकरण तेथेच मिटले असते, हे मी बोलून दाखविले. परंतु त्या वेळी माझ्या इतिहासज्ञानाची कोणास गरज नव्हती. "पाच जण असतो, तर बरोबर वीस-वीस टक्के झाले असते," असे धाकटे बंधू सहज बोलून गेले, आणि सहाही भावंडांनी एकमेकांकडे अशा काही नजरेने पाहिले की, आईंनी सोडलेला हिस्सा तत्काळ परत घेतला.

प्रकरण अखेर त्याच वयोवृद्ध वकिलांकडे गेले, ज्यांनी मूळ कागद केला होता. त्यांनी कोष्टक वाचले, हसले नाहीत, आणि टक्क्यांचा रकाना जसाच्या तसा ठेवून करारनाम्यात एका ओळीचे कलम घातले : टक्केवारीत तफावत आढळल्यास प्रत्येक वारसाचा हिस्सा एक सप्तमांश, हेच ग्राह्य धरावे. दादांचे १४.३२ संगणकात राहिले आणि त्यांचा एक सप्तमांश कागदावर राहिला; सही सातांनीही केली. त्या कलमाचे वकिलांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

तेव्हा ज्या पार्लेकर वाचकांच्या घरी हिरवी जाळी लवकरच चढणार आहे, त्यांस एवढीच विनंती की, वारस दोन, चार, पाच किंवा दहा असतील तर खुशाल टक्के लिहावेत; परंतु तीन, सहा, सात, नऊ असतील, तर विकासकाच्या कोष्टकावर सही करण्यापूर्वी हे एक ओळीचे कलम मागून घ्यावे, आणि आपला हिस्सा अपूर्णांकात, अक्षरी लिहून घ्यावा. संगणक ते घेत नाही असे लेखनिक सांगू लागला, तर त्यास चहा द्यावा आणि कागद पुढे करावा. करारनामा अजून कागदावरच होतो.